गाडीचा मोतीबिंदू

उद्या सकाळी ऑफिसला पोचलात की लिफ्टकडे धावण्याआधी दोन मिनिटं पार्किंगमध्ये थांबा. उभ्या असलेल्या गाड्यांचे चेहरे बघा. नव्या गाड्यांचे दिवे एकदम पाणीदार, आत्ताच पार्लरमधून बाहेर पडल्यासारखे. मग वळा दहा-बारा वर्षांच्या गाड्यांकडे. कुणाचे दिवे दुधाळ, कुणाचे चहा सांडल्यासारखे पिवळट, कुणाच्या दिव्यांची उन्हात पोळलेल्या नाकासारखी सालं निघालेली. बाकी गाडी मात्र टकाटक! परवाच पॉलिश मारलेली बॉडी, लेदरची सीट कव्हर्स, सॉलिड म्युझिक सिस्टिम, आरशाला लटकणारा बाप्पा. आणि दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू.

या कॉलममध्ये आपण बहुतेक वेळा पैसे कुठे उडवायचे याच्या गप्पा मारतो. पण आपल्यातल्या किती जणांची पहिली गाडी ही 'बाबांची जुनी' किंवा 'मित्राच्या मित्राची, कमी चाललेली' असते, हे मला चांगलं माहीत आहे. तर आज बादली, पॉलिश पेपर आणि एक रविवार. नखांचं काही होणार नाही, पण नेलपेंट जाईल.

माझा या विषयाशी संबंध आला तो आईमुळे.

आमच्याकडे २००९ची छोटी चंदेरी हॅचबॅक आहे. १५ वर्षं झाल्यावर २०२४मध्ये तिचं पुन्हा पासिंग करून पाच वर्षं वाढवून घेतली. गाडी चालवते आई. बाबांकडे लायसन्स आहे पण हौस नाही. मला हौस आहे पण चावी मिळत नाही. आई बँकेत नोकरी करते, वय ५७. गेली कित्येक वर्षं महिन्यातल्या दोन शुक्रवारी बँक सुटली की ती थेट वाईचा रस्ता धरते. तिथे आजी एकटी असते, वय ८६. पुण्याहून नव्वदेक किलोमीटर. कात्रजचा बोगदा, शिरवळ, खंबाटकी, सुरूर फाटा. साडेनऊपर्यंत पोचते, तोवर आजी जेवायची थांबलेली असते. मग दोघी रात्री उशिरापर्यंत काय बोलतात हे देवाला माहीत, पण रविवारी रात्री घरी परतलेली आई वेगळीच असते.

गेल्या जानेवारीत हे थांबलं. सुरूर फाट्यावरून वाईकडे वळल्यावर पुढे उसाचा ट्रॅक्टर चालला होता. हंगामात त्या भागातून रात्री गेलेल्यांना मी काय म्हणतेय ते लगेच कळेल. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंना रस्ताभर पसरलेला ऊस, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. समोरून एक गाडी आली, आईने डिपर दिला, आणि ट्रॉली तिला दिसली ती तिच्याच शब्दांत 'बॉनेटवर'. करकचून ब्रेक. गाडी थांबली तेव्हा उसाची पानं पुढच्या काचेला लागली होती. कुणाला काही झालं नाही. वाईला पोचल्यावर तिने नेहमीसारखा 'पोचले गं' असा फोन केला. आणि हा किस्सा आम्हाला सांगितला तीन आठवड्यांनी.

मधल्या काळात तिने फक्त एवढं जाहीर केलं, की आता रात्रीची गाडी बंद. "डोळे गेले माझे. वय झालं आता." शुक्रवारची वाई संपली. शनिवारी सकाळी स्वारगेटहून एसटी आणि रविवारी दुपारी परत. आजीच्या वाट्याच्या दोन रात्रींमधली एक गेली.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आम्ही गेलोच. (तुम्हीही आधी तिथेच जा. दिवे घासून डोळे बरे होत नाहीत.) आईचा नंबर किंचित बदललेला निघाला. मोतीबिंदूची सुरुवात होती, पण ऑपरेशन करण्याइतका पिकलेला नव्हता. डॉक्टर म्हणाले, साठीच्या आसपासच्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो. अंधारात बाहुली पूर्वीसारखी मोठी होत नाही आणि आतलं भिंग पिवळट होत जातं. म्हणजे तोच रस्ता बघायला आईला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त उजेड लागणार. हे सांगून झाल्यावर त्यांनी प्रिस्क्रिप्शन लिहिता लिहिता सहज विचारलं, "गाडीचे दिवे कसे आहेत?"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. दिवे? लागतात की!

लागत होतेच. बल्ब दोन्ही चालू होते. पण खाली पार्किंगमध्ये येऊन गाडीसमोर उकिडवं बसून बघितलं, तर डावीकडचा दिवा पिवळा आणि उजवीकडचा त्याहून पिवळा. आमची गाडी वर्षानुवर्षं एकाच जागी, एकाच तोंडाने उभी असते आणि उजव्या बाजूला दुपारभर ऊन येतं. सगळा उलगडा त्या एका कोपऱ्यात होता.

आता थोडं सायन्स. घाबरू नका, पटकन संपवते. पद्मिनी आणि ॲम्बेसेडरच्या गोल दिव्यांना पुढे काच होती. ती दगड लागून फुटायची, पण पिवळी पडायची नाही. आजच्या दिव्यांना पुढे असतं ते पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक. १९५३मध्ये जर्मनीत बायर कंपनीत आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये, जवळजवळ एकाच वेळी, दोन वेगवेगळ्या लोकांनी ते बनवलं. तुमच्या जुन्या सीडी याच्याच, हेल्मेटची पुढची काच बहुतेक वेळा याचीच. वजनाला हलकं, काचेसारखं आरपार, हातोडी मारली तरी सहज फुटत नाही, आणि हव्या त्या आकारात ओतता येतं. अमेरिकेत १९८३मध्ये नियम बदलले आणि १९८४च्या लिंकन मार्क सेव्हनपासून तिथे असे दिवे रस्त्यावर आले. गाड्यांना मांजरीसारखे तिरके डोळे फुटले ते या प्लास्टिकच्या जिवावर.

एवढ्या गुणी प्लास्टिकला दोन गोष्टी सोसत नाहीत. एक म्हणजे ओरखडे, दुसरी ऊन. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याचे रेणू तुटतात आणि त्यातून पिवळी संयुगं तयार होतात. म्हणून कारखान्यातच दिव्यावर एक पातळ, कडक, पारदर्शक थर चढवतात. फेशियल करून वर सनस्क्रीन लावावं तसं. खरी नाजूक चीज हा थरच. ऊन, धूळ, हायवेवर उडणारे बारीक खडे, सोसायटीतला रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसणारा मुलगा, हे सगळे मिळून तो थर झिजवतात. एकदा त्याला चिरा पडल्या की ऊन थेट प्लास्टिकला भिडतं. मग मात्र दिवा भराभर म्हातारा होतो.

आणि हा प्रश्न दिसण्याचा नाही, म्हणून तर मी एवढी जागा खातेय. धुरकट प्लास्टिकमधून बल्बचा प्रकाश सरळ पुढे जात नाही, तो सगळीकडे फुटतो. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर तो येतो, झाडावर पडतो, आणि जिथे हवा तिथे, म्हणजे रस्त्यावर, पोचत नाही. अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशनने २०१८मध्ये दोन जुन्या सेदान गाड्यांचे असे खराब दिवे काढून मोजून बघितले. डिपरवर त्यांचा प्रकाश नव्या दिव्याच्या मानाने फक्त २० टक्क्यांच्या आसपास भरला. विचार करा, पाचातला एक भाग! आता जरा हिशेब मांडू. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. समोरचं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर ३३ मीटर संपले. मग कोरड्या रस्त्यावर थांबायला अजून पस्तीसेक. एकूण सत्तर मीटरच्या घरात. डिपरवर नव्याकोऱ्या हॅलोजनचा उजेडसुद्धा एवढा लांब जेमतेम पोचतो. त्यातले चार भाग वजा करा आणि मग त्या उसाच्या ट्रॉलीची आठवण काढा. आईने वेळेत ब्रेक मारला हेच नवल.

रोगनिदान झालं. आता उपाय. इथून पुढे प्रत्येक पुणेकराकडे स्वतःचा असतो.

एका सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं, पुढचं प्लास्टिक वेगळं मिळत नाही, अख्खे दिवे बदला, जोडीचे साडेसात हजार अधिक मजुरी. सोळा वर्षांच्या गाडीला एवढे घालायचे की नाही यावर बाबांनी एक आठवडा विचार केला. नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांमध्ये याच्या निम्म्या किमतीत दुसऱ्या कंपन्यांचे दिवे दिसले, काही बरे, काही हातात घेतल्यावरच लक्षात येईल इतके हलके. एका दुकानात 'ताई, बल्ब टाका की १००/९०चे, दिवस पडेल' असा सल्ला मिळाला. हा सल्ला फार लोकप्रिय आहे म्हणून सांगते. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये एच-फोर बल्ब असतो, ६०/५५ वॅटचा. वायरिंग, होल्डर, आतला रिफ्लेक्टर हे सगळं त्या उष्णतेच्या हिशेबाने केलेलं असतं. दीडपट वॅटचा बल्ब घातलात तर होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरची चमक करपते. आणि पुढे धुकं तसंच असल्यामुळे जास्तीचा उजेडही समोरच्याच्याच डोळ्यात जातो. हॅलोजनच्या घरात एलईडी बल्ब घुसवण्याचीही तीच गत. उजेडाचा केंद्रबिंदू हलतो आणि झोत विस्कटतो.

आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी टूथपेस्ट सुचवली. त्यांनी स्वतः केलं होतं. काम करतं का? करतं! पेस्टमध्ये बारीक खर असतेच, त्याने वरचा मळ घासला जातो, दिवा उजळतो, तुम्ही फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकता. पण वरचं सनस्क्रीन परत येत नाही, त्यामुळे थोड्याच आठवड्यांत दिवा पुन्हा होता तसा. काकांचा झालाच होता. डास पळवणारा स्प्रे मारून पुसण्याची युक्ती याहून वाईट. त्यातलं डीट नावाचं रसायन पॉलिकार्बोनेटचा वरचा पापुद्रा चक्क विरघळवतं. क्षणभर काच चकाकते, मग चिकट होते, मग तडकते. पेट्रोल आणि थिनरही यावर लावायचं नाही.

मार्ग एकच सरळ आहे. खराब झालेला थर पूर्ण घासून काढायचा आणि नवा थर द्यायचा. त्या अमेरिकन चाचणीत असं केल्यावर प्रकाश ७० टक्क्यांच्या आसपास परत आला होता, आणि गंमत म्हणजे व्यावसायिकाने केलं काय आणि घरी केलं काय, फार फरक पडला नव्हता. नवे कंपनीचे दिवे अर्थातच सरस. ज्याला परवडतं त्याने बदलावे, त्यात काही कमीपणा नाही.

घासायला बसण्याआधी एक सोपी चाचणी करा. दिव्यावर मग्गाभर पाणी ओता. ओला असताना तो एकदम स्वच्छ दिसला आणि वाळल्यावर परत धुरकट झाला, तर अभिनंदन, रोग बाहेरचा आहे. पाणी त्या बारीक चिरा भरून काढतं म्हणून तसं दिसतं. ओला होऊनही धुरकटच राहिला तर गडबड आतल्या बाजूला असू शकते. सील गेलं असेल, वाफ धरत असेल, किंवा रिफ्लेक्टरच काळवंडला असेल. खोल कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा असतील तर त्या प्लास्टिकच्या पोटात असतात, त्याही निघत नाहीत. अशा वेळी बाह्या मागे सारू नका, सरळ नाना पेठ गाठा. आमचे दोन्ही दिवे ओले झाल्यावर लख्ख दिसले.

हार्डवेअरच्या दुकानातून वॉटर पेपर आणले, पाण्यात भिजवून घासायचा तो काळा पॉलिश पेपर. ८००, १०००, १५०० नंबरचे, प्रत्येकी दोन. नंबर जेवढा मोठा तेवढा पेपर बारीक. सोबत रुंद मास्किंग टेप आणि भांडी घासायचा नवा स्पंज. सगळं मिळून दोनशे रुपयांच्या आतबाहेर. पुढचा थर द्यायला मात्र मी वारज्यातल्या एका डेंटिंग-पेंटिंगवाल्या काकांना आधीच गाठून ठेवलं होतं, कारण त्यावरून घासायचं कुठवर हे ठरतं. ते म्हणाले, "मॅडम, पंधराशेवर थांबा. चमकवत बसू नका. गुळगुळीत केलं की लॅकर धरत नाही, सालासारखं निघतं." हे लक्षात ठेवा. तुम्ही वरून फवारून क्लिअर कोट देणार असाल तर पंधराशेवर थांबायचं, बारीक ओरखडे तो कोट भरून काढतो. कोट न देता दिव्यांसाठीची पारदर्शक फिल्म चिकटवणार असाल तर मात्र २०००, ३००० असं पुढे जायचं आणि शेवटी रबिंग पॉलिश मारून आरशासारखं करायचं. दोन्ही रस्ते बरोबर आहेत. अर्ध्यात रस्ता बदललात की पंचाईत.

रविवारी सकाळी सातला, ऊन यायच्या आत सुरुवात केली. आधी शाम्पूने दिवे धुतले. दिव्याच्या भोवती बॉनेट आणि बंपरवर टेपचे दोन थर लावले, कारण ८०० नंबरचा पेपर गाडीचा रंग दिव्याआधी काढतो. पेपर दहा मिनिटं बादलीत भिजवले, मग स्पंजला गुंडाळून घासायला लागले. पहिल्या नंबराला आडवं, दुसऱ्याला तिरकं, तिसऱ्याला परत आडवं. दिशा बदलली की आधीच्या पेपरचे ओरखडे कुठे राहिलेत ते दिसतं. पाणी सतत हवं. कोरडं घासलंत तर प्लास्टिक तापतं आणि खोल चरे पडतात.

पहिली पाच मिनिटं जे पाणी ओघळतं ना, ते बघून किळस येते आणि आनंदही होतो. पिवळं, चिकट, हळदीच्या दुधासारखं. जुन्या थराचे तुकडे मधेच सुटतात, मधेच अडून बसतात. घासत राहायचं. हळूहळू पिवळेपणा कमी होऊन पाणी पांढरं यायला लागतं. पांढरं आलं की समजायचं, खालचं निरोगी प्लास्टिक लागलं. कडांना विसरायचं नाही, तिथे थर हमखास उरतो आणि वरून कोट दिल्यावर तिथेच नकाशासारखे डाग दिसतात. एका दिव्याला मला पाऊण तास लागला. त्यातली अर्धी मेहनत ८००च्या पेपरची, पुढचे नंबर भराभर होतात.

या टप्प्यावर दिवा जसा दिसतो तसा तो आयुष्यात कधी दिसला नसेल. बाथरूमच्या खिडकीच्या दुधी काचेसारखा, ठार आंधळा. तेवढ्यात आई चहा घेऊन खाली आली. दिव्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "अगं, होतं ते बरं होतं की गं." मी काही न बोलता त्याच्यावर मग्गाभर पाणी ओतलं. आतला बल्ब, रिफ्लेक्टरची एकेक घडी, सगळं नव्यासारखं दिसलं. चार सेकंद. मग पाणी ओघळलं आणि परत दुधी काच. चार सेकंद पुरली. आईने चहाचा कप बॉनेटवर ठेवला आणि दुसरा स्पंज उचलला. (बॉनेटवर कप! मी ठेवला असता तर?)

दुपारी पेंटरकाकांकडे गेलो. त्यांनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने दिवे पुसले, भोवती पेपर लावून गाडी झाकली आणि टू-के क्लिअरचे तीन हात दिले. पहिला अगदी धुक्यासारखा हलका, दहा मिनिटं थांबून दुसरा, मग तिसरा जरा भरून. पहिल्या हाताला दुधी काच जागच्या जागी पारदर्शक झाली. तो क्षण बघण्यासारखा आहे, एवढंच म्हणेन. दोन्ही दिव्यांचे त्यांनी आठशे रुपये घेतले. हा कोट स्प्रेच्या डब्यातही मिळतो, पण तो घरी मारायचा मोह मी टाळला आणि तुम्हीही टाळा. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात, ती फुप्फुसांना वाईट, आणि कोविडातले उरलेले कापडी मास्क त्यापुढे काही कामाचे नाहीत. काका फिल्टरवाला मास्क लावून, उघड्या शेडमध्ये काम करत होते. सगळंच घरी करायचं असेल तर फिल्मचा रस्ता बरा.

दुसऱ्या दिवशीपर्यंत कोट वाळू दिला. मग रात्री सोसायटीच्या मागच्या भिंतीसमोर २५ फुटांवर गाडी उभी केली. हे काम न चुकता करा, कारण उजेड वाढला की त्याचं तोंड कुठे आहे हे महत्त्वाचं ठरतं. डिपरवर उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा थोडी खाली हवी. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून ही कड उजवीकडे सपाट असते आणि डावीकडे, फुटपाथच्या बाजूला, जरा वर चढते. इतक्या वर्षांत आमच्या भिंतीवर ही कड कधी उमटलीच नव्हती, नुसता पिवळा ढग दिसायचा. आता पट्टीने रेघ मारल्यासारखी दिसली. आमचा उजवा दिवा थोडा वर बघत होता. दिव्याच्या मागे त्यासाठी स्क्रू असतो, गॅरेजमध्ये तो पाच मिनिटांत जुळवून मिळाला. डॅशबोर्डवर दिवे वरखाली करायची शून्य ते तीन आकड्यांची चकती असेल तर तीही बघून घ्या. मागे माणसं आणि सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं, तेव्हा आकडा वाढवायचा.

मग लगेच शुक्रवार उगवला आणि आई भुर्रकन वाईला गेली, असं झालं नाही. आधी दोन रात्री ती नुसती सिंहगड रोडला खडकवासल्यापर्यंत जाऊन आली, मला शेजारी बसवून. दुसऱ्या दिवशी बोलता बोलता तिने मला रस्त्याकडेचा एक कुत्रा दाखवला, मी बघायच्या आधी. नव्या नंबरचा चष्मा आला, गाडीच्या पुढच्या काचेचा आतल्या बाजूचा तेलकट थर मी वर्तमानपत्राने पुसून काढला (हाही उजेड खातो आणि कुणी पुसत नाही), आणि पुढच्या महिन्यातल्या एका शुक्रवारी ती निघाली. साडेनऊला फोन. "पोचले गं." मी विचारलं, दिसत होतं? "दिसत होतं. पण ऐंशीच्या वर नाही गेले." पावसात आणि दाट धुक्यात ती अजूनही रात्री निघत नाही. मोतीबिंदू जसा पिकेल तसं तिला एक दिवस ऑपरेशन करावं लागणारच आहे. ऊसाचा हंगाम सुरू झाला की सुरूर ते वाई ती साठच्या वर जात नाही. त्या ट्रॉल्यांना मागे कुणी रिफ्लेक्टर लावेल तो सुदिन, तोवर गाडीतल्या माणसाच्या हातात वेग आणि उजेड एवढंच आहे.

पेंटरकाकांनी कोटची दोन वर्षं सांगितली आहेत, 'सावलीत ठेवली तर जास्त'. म्हणून गाडी आता पार्किंगमध्ये उलटी लावतो, तोंड भिंतीकडे. दिवे कोरड्या फडक्याने पुसायचे नाहीत अशी तंबी गाडी पुसणाऱ्या मुलाला दिली आहे, आधी पाणी, मग फडकं. मी मोबाइलवर दर सहा महिन्यांनी दिवे बघायची आठवण लावून ठेवली आहे.

आणि हो, दुसऱ्या मजल्यावरचे काका येत्या रविवारी त्यांची गाडी घेऊन खाली येणार आहेत. टूथपेस्ट घरीच ठेवा आणि वॉटर पेपर स्वतःचे आणा, असं सांगितलंय.